मास्तरांचीही सावड हवी

ज्याच्या दावणीला एकच बैल आहे त्याने पेरणीला काय करावे, हे तुम्हांस कोणी शिकविण्याची गरज नाही. तो शेजाऱ्याशी सावड करितो. आज ह्याचे रान, उद्या त्याचे. काम मोठे असले तर इर्जिक घालितात आणि दहा औते मिळून एका दिवसात एकाचे शेत उरकून देतात. सुताराचा पोर पटाशी कशी धरावी हे पोथी वाचून शिकत नाही. जाणत्या सुताराच्या हाताकडे पाहून शिकतो. ज्यांना अडाणी म्हणून हिणविले त्या आमच्या लोकांनी हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या जपले आहे. पण त्याच लोकांच्या लेकरांना शिकविणारा मास्तर आणि अंगणवाडीची सेविका डोंगराकपारीत एकेकटी पडली आहेत. त्यांना सावड नाही. ह्यात मास्तरांचे नुकसान थोडे आणि तुमच्या पोरांचे फार आहे, म्हणून आज हा विषय हाती घेतला आहे.

दूरच्या मुलुखात काय चालते ते पाहा. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे पोर घरी कोरकू बोलते. भामरागडकडे माडिया, अक्कलकुवा-धडगावच्या सातपुड्यात भिली आणि पावरी, जव्हार-मोखाड्यात वारली आणि कातकरी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आणि माडिया द्राविडी कुळातली. मराठीशी त्यांचे दूरचेही नाते नाही. घाटावरचा मास्तर तेथे नेमला जातो. तो पहिल्या दिवशी पोरांना बसावयास सांगतो आणि पोरे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मग शेरा ठरलेला, की ह्या जातीची पोरे मठ्ठ! वाहवा रे न्याय! पोराला मास्तरची भाषा येत नाही तर पोर मठ्ठ, आणि मास्तरला पोराची येत नाही तर मास्तर विद्वान.

आणखी गंमत अशी की, त्याच पाड्यावर पंचवीस पावलांवर अंगणवाडी असते. तेथली सेविका बहुधा पाड्याचीच लेक किंवा सून. तिला पोराची भाषा येते, त्याच्या घरची चूल पेटली की नाही हे ठाऊक असते, कोणते पोर कशाला भिते हे ठाऊक असते. मास्तराजवळ अक्षर आहे, हिशेब आहे; तिच्याजवळ पोर आहे. पण ती एका खात्याची, तो दुसऱ्या खात्याचा. सहा वर्षांपर्यंत एका खात्याने पोर सांभाळावे, पुढे दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, आणि दोघांनी त्या पोराविषयी एकमेकांना एक शब्द विचारू नये, असा हा कारभार आहे.

कोणी म्हणेल, सरकार शिक्षकांना प्रशिक्षण देतेच की. देते खरे. पण ते कसे देते? वरून एक पोथी येते. ती जिल्ह्याला वाचून दाखवितात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. आणि शेवटच्या पाड्यावरच्या मास्तरापर्यंत पोहोचेतो तिच्यातला जीव निघून जाऊन सही करण्याचा कागद तेवढा उरतो. भटजीने मंत्र म्हणावे, यजमानाने अर्थ न समजता पळीने पाणी सोडावे, त्यातला हा प्रकार. आमच्या चळवळीने एक भिक्षुकी ओळखली. ही दुसरीही ओळखावयास हवी. आता पोथी मोबाइलवर येते. जेथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते तेथे ती कशी पाहावी, हे पोथी धाडणारास कोण विचारणार? आणि पाहिली तरी, माझ्या वर्गातली ती मुलगी तीन महिन्यांत एक अक्षर का बोलली नाही, हा प्रश्न त्या काचेला विचारता येत नाही.

ह्याविषयी आमच्या वडीलधाऱ्यांनी काय सांगून ठेविले ते विसरू नये. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. खेड्यातला शिक्षक शिकवून तयार केलेला असावा, होता होईल तो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, वेळ पडल्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस धरावयास लाजणारा नसावा, आणि त्याचा पगार पोटापुरता असावा, असा त्यांचा आग्रह होता. शाहू छत्रपतींनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. भाऊराव पाटलांनी 1935 साली साताऱ्यास खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढिले. नुसत्या शाळा काढून भागत नाही हे त्या पुरुषाने ओळखले होते. 1945 साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी पाड्याच्या अंगणात जाऊन, शंखशिंपले, बिया, खडे घेऊन वारल्यांची पोरे शिकविली. तेथे शिकविणारी बाई पोरांकडूनच शिकत होती. ह्या सगळ्यांचे सार एकच: शिकविणारा घडवावा लागतो, आणि तो लोकांतच घडतो.

आता मार्ग काय? नवे खाते, नवी इमारत, काही नको. आठ-दहा शाळांच्या केंद्रात शिक्षण परिषद भरविण्याची रीत आजही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकास वर्षाला किमान 50 तास शिकत राहावयास सांगितले आहे, आणि अंगणवाडी सेविकांच्या अभ्यासक्रमासाठी महिन्याला निदान एक वर्ग केंद्राने समोरासमोर घ्यावा असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे छप्पर एकच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, त्या छपराखाली दोघांना एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर बसवा.

तेथे काय व्हावे? प्रत्येकाने आपल्या पोरांच्या दोन वह्या आणाव्या: एक बऱ्या चाललेल्या पोराची, एक अडलेल्याची. एकाने सर्वांसमक्ष पाठ घ्यावा आणि इतरांनी मास्तराकडे न पाहता पोरांकडे पाहावे. सेविकेने आपल्या भाषेतले पन्नास शब्द मास्तरांस द्यावे: भूक, पाणी, दुखते, ये, बस, शाबास. मास्तराने वजाबाकी समजाविण्याची आपली युक्ती तिला द्यावी. ज्यांची पोरे दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापांमागे जातात, त्यांनी ती कोठे गेली, कोठवर शिकली होती, हे लिहून पुढच्या शाळेच्या मास्तरास कळवावे. त्या दिवशी एकही परिपत्रक वाचू नये, एकही तक्ता भरू नये. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, नर्मदाकाठच्या पाड्यांना होडीने जावे लागते. तेथे शेजारच्या दोन-तीन शाळांनीच बसावे. पण बसावे.

आणि भाडे व जेवण सरकारने द्यावे. इर्जिकीला बोलावून उपाशी परत धाडणारा शेतकरी कोणी पाहिला आहे? 1975 पासून चाललेल्या ह्या योजनेत सेविका अजून मानधनावरच राबते. तिच्या पदरच्या पैशाने तिला शिकावयास लावणे ही शुद्ध लबाडी होय.

महिन्याचा एक दिवस शाळेचा बुडेल, असा आक्षेप येईल. औताचा फाळ शेवटावयास लोहाराकडे नेला, तेवढा वेळ नांगर बंद राहतो खरा. पण बोथट फाळाने बारा महिने जमीन खरडणाऱ्यास आम्ही कष्टाळू म्हणत नाही.

शेवटी, हे काम मास्तरांवर सोडून तुम्ही मोकळे होऊ नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा आईबापांच्या ठेविल्या आहेत आणि निम्म्या जागा बायांच्या. ह्या खुर्च्या सह्या करण्यासाठी नाहीत. पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा: मास्तर आणि सेविका शेवटच्या एकत्र कधी बसल्या? त्या बैठकीतून आपल्या वर्गात काय नवे आले? त्यांच्या वाटखर्चाचे कोणी दिले? उत्तर मिळाले नाही तर ग्रामसभेत ठराव करून वर धाडा. आमच्या मास्तरबंधूंनीही रागावू नये. आम्हीही खडूच धरितो. आपला हात दुसऱ्यास दाखविण्यात आणि दुसऱ्याचा पाहण्यात कमीपणा कसला? ज्या घरांतून आपण आलो तेथे ह्यालाच धंदा शिकणे म्हणतात.