नक्कल कोणती आणि निर्मिती कोणती?

शेजाऱ्याची उत्तरपत्रिका उतरवताना घाईघाईत त्याचे नावसुद्धा उतरवणाऱ्या मुलाची गोष्ट तुमच्या शिक्षकांनी कधीतरी सांगितली असेलच. आपण ती विनोद म्हणून ऐकतो. संगणकाच्या धंद्यात मात्र ती खरोखर घडलेली आहे.

१९८२ साली अमेरिकेतील फ्रँकलिन कंपनीने एक संगणक विकायला काढला. ‘ॲपल टू’ या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या त्यावर चालत असत. ॲपल कंपनी न्यायालयात गेली. तपासात फ्रँकलिनच्या आज्ञावलीत चक्क ॲपलच्याच एका प्रोग्रॅमरचे नाव सापडले! फ्रँकलिननेही नक्कल नाकारली नाही. यंत्राच्या आत साठवलेल्या आज्ञावलीला कॉपीराइट लागूच होत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले.

येथे निवाडा सोपा होता. अवघड प्रश्न निराळाच आहे. दुसऱ्याच्या यंत्रासारखेच काम करणारे यंत्र कोणी स्वतःच्या डोक्याने बनवले, तर त्याला चोर म्हणायचे का?

आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. काम लवकर उरकावे म्हणून तिने बरेचसे भाग बाहेरून घेतले होते. मायक्रोप्रोसेसर इंटेलचा होता, तर मुख्य कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. हे भाग इतरांनाही विकत मिळू शकत होते. आय.बी.एम.चे खास स्वतःचे असे उरले ते मुख्यतः ‘बायोस’. ही सुमारे आठ हजार बाइटची छोटी आज्ञावली यंत्रातल्या एका चिपमध्ये कायमची कोरलेली होती.

बायोस काय करते? पोस्ट ऑफिस डोळ्यांपुढे आणा. तिकिटे एका ठरलेल्या खिडकीवर मिळतात, मनीऑर्डर दुसऱ्या. संगणकातही तसेच असते. पडद्यावर अक्षर उमटवायचे असेल तर आज्ञावली एका ठरलेल्या क्रमांकाने हाक मारते. कोणती कळ दाबली ते विचारायचे असेल तर दुसऱ्या क्रमांकाने. खिडकीमागचा कारकून, म्हणजे बायोस, ते काम करून देतो. हजारो लोकांनी आपापल्या आज्ञावल्या या खिडक्यांचे क्रमांक गृहीत धरून लिहिल्या होत्या. नव्या यंत्रात क्रमांक बदलले, तर त्या सगळ्या निरुपयोगी. पण क्रमांक तेच ठेवून आतला कारकून मात्र आपला नेमता येतो!

ह्यूस्टन शहरात १९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने नेमके हेच केले. आय.बी.एम.ने आपल्या बायोसचा मजकूर तांत्रिक पुस्तिकेत छापलेला होता, आणि गंमत अशी, की ती पुस्तिका वाचलेला माणूस या कामाला नालायक ठरत होता. वाचलेले वाक्य नकळत लेखणीतून उतरते ना! म्हणून दोन गट केले गेले. पहिल्या गटाने मूळ बायोस अभ्यासली आणि प्रत्येक खिडकीवर काय मागितले असता काय मिळाले पाहिजे, एवढेच लिहून काढले. ज्यांनी मूळ मजकूर कधी पाहिलाच नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी आज्ञावली लिहिली. १९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने याच रीतीने बायोस तयार करून ती मागेल त्या कारखानदाराला विकायला सुरुवात केली. तिने तर लेखनासाठी इंटेलच्या त्या मायक्रोप्रोसेसरवर कधी काम न केलेला माणूस मुद्दाम शोधला. अज्ञान हीच पात्रता ठरल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्याच वर्षी ईगल आणि कोरोना या दोन कंपन्यांवर आपली बायोस उतरवल्याबद्दल आय.बी.एम.ने दावे लावले. दोघींनी तडजोड करून नवी बायोस वापरण्याचे मान्य केले. कॉम्पॅकच्या बायोसला मात्र असा धक्का लागला नाही.

माझे मत असे, की कॉम्पॅकने केले ते न्याय्य होते. कोणी म्हणेल, की मेहनत आय.बी.एम.ची आणि नफा दुसऱ्याचा. हा आक्षेप पोकळ नाही. दोन गट, दोन खोल्या हा वकिलांनी शोधलेला खटाटोप वाटतो, हेही खरे. परंतु आज्ञावलीचा मजकूर जरी आय.बी.एम.चा असला तरी ‘कळ दाबली की अक्षर उमटावे’ ही कल्पना तिची नव्हे. आपल्या देशातही १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृती ठरली आहे. पानिपतावर एकाने कादंबरी लिहिली म्हणून दुसऱ्याने पानिपताकडे फिरकू नये असे आपण म्हणत नाही. त्याची वाक्ये उचलू नयेत एवढेच म्हणतो. (पेटंटचा कायदा अधिक कडक आहे. तेथे न पाहता तेच शोधून काढले, तरी सुटका नाही.)

शिवाय परिणाम पाहा. एकाचे भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसू लागले, किमती उतरल्या, आणि पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरच्या टेबलावर संगणक जुळवणारी तरुणांची एक पिढीच आपण पाहिली. अनुकरण करणारा मागेच राहतो असेही नाही. १९८६ मध्ये इंटेलच्या नव्या ३८६ प्रोसेसरचा संगणक कॉम्पॅकने आय.बी.एम.च्या आधी आणला. १९८७ साली आय.बी.एम.ने नव्या यंत्रांची अंतर्गत जोडणी परवाना-शुल्काच्या कुलपात ठेवली, तेव्हा कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी मिळून १९८८ मध्ये आपली वेगळी जोडणी जाहीर केली. २००५ मध्ये आय.बी.एम.ने आपला पर्सनल कॉम्प्युटरचा धंदाच लेनोव्हो या चिनी कंपनीला विकून टाकला. अर्थात स्वस्त खोके जुळवण्यापलीकडे काहीच न करणारे नकलाकारही पुष्कळ होते. त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

शिक्षकांशी मला एक बोलायचे आहे. शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना मी पुस्तकातून उतरवलेली शोभिवंत मॉडेले बक्षीस घेऊन जाताना पाहिली आहेत. उलट ‘हे तर गेल्या वर्षी झाले’ म्हणून एका मुलीचा स्वतः जुळवलेला पाणी-पातळीदर्शक बाजूला सारलेलाही पाहिला. त्या गुणपत्रिकेवर माझीही सही होती. विषय जुना होता, पण जुळणी तिची होती, आणि ती कशी सुचली हे आम्ही कोणी तिला विचारलेच नाही.

पुढच्या प्रदर्शनाआधी वर्गात असे करून पाहा. एका गटाला विजेची घंटा उघडून अभ्यासू द्या. त्यांनी दुसऱ्या गटाला फक्त एक कागद द्यायचा: बटण दाबले असता सतत वाजावी, सोडताच थांबावी, दोन सेलवर चालावी. कागदावर ‘विद्युतचुंबक’ किंवा ‘हातोडी’ हा शब्द आला, तर कागद परत. दुसऱ्या गटाने घंटा कशी बनवली हे मला जरूर कळवा. कोणी खेळण्यातली मोटर वापरली असेल, तर ते पाहायला मी स्वतः येईन.