कशेळ्यालाही पावसाळी वेळापत्रक हवे

हिवाळा आला की वृत्तपत्रांच्या परदेशी बातम्यांत हिमवादळांची वर्णने येऊ लागतात. कोठे विमानतळ बंद पडतो, कोठे महामार्गावर मोटारींची रांग रात्रभर गोठून उभी राहते, कोठे एखादे गाव तीन-चार दिवस जगापासून तुटते. मुंबईचा वाचक सकाळच्या चहाबरोबर ती वाचतो, क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. बर्फ आपल्या वाट्याला नाही, या समाधानात गैर असे काही नाही. पौष-माघात कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याने कशेळ्यास जाणाऱ्याला भीती वाटावी असे काही आढळत नाही. भाताची खाचरे मोकळी झालेली असतात, उरल्या ओलीवर वालाला शेंगा धरलेल्या असतात, पहाटेचे धुके ऊन वर येताच विरते आणि पूर्वेस भीमाशंकरच्या डोंगराची भिंत स्वच्छ उभी दिसते. तथापि याच भिंतीला आषाढात ढग अडले म्हणजे हाच मुलूख दुर्गम होतो. पेज नदी आणि तिला मिळणारे ओढे फुगतात, साकव पाण्याखाली जातात, घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांची वाट चिखलात नाहीशी होते. बर्फाच्या देशांत जे पौषात घडते ते आमच्याकडे आषाढात घडते, एवढाच फरक. दुसरा एक फरक मात्र आहे आणि तो निसर्गाने केलेला नाही. त्या देशांनी आपल्या वादळाशी वागण्याची जी रीत ठरवून ठेवली आहे, ती आम्ही आमच्या वादळासाठी ठरवलेली नाही.

स्वित्झर्लंडचे उदाहरण घ्यावे. १९५०-५१ च्या हिवाळ्यात तेथे हिमस्खलनांखाली ९८ माणसे दगावली. त्या आघातानंतर त्या देशाने डोंगरउतारांचे नकाशे करून घर कोठे बांधू द्यावे आणि कोठे बांधू देऊ नये हे ठरवून टाकले, उतारांवर बर्फ अडवणारे बांध उभारले, गावांच्या माथ्यावरची जंगले राखली. दाव्होस येथील हिमसंशोधन संस्था धोक्याची पायरी जाहीर करते. अशा पायऱ्या पाच आहेत. पायरी चढली की रस्ता बंद करावयाचा, घरे रिकामी करावयाची, हे काम स्थानिक अधिकाऱ्यांचे. १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच कठीण प्रसंग आला. महिनाभरात अनेक ठिकाणी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडले. त्या प्रसंगात बळी गेले ते १७. त्यांतील १२ जण एव्होलेन या एकाच डोंगरी वस्तीत गेले, तेव्हा धोका दिसत असता रस्ता आणि घरे वेळेवर का मोकळी केली नाहीत, असा प्रश्न न्यायालयापुढे आला आणि तेथील गावप्रमुख व सुरक्षाप्रमुख दोघेही दोषी ठरले. शिक्षा मोठी की लहान, हा मुद्दा येथे गौण आहे. निर्णय कोणी घ्यावयाचा होता हे त्या देशात आधीच ठाऊक होते, म्हणूनच तो न घेतल्याचा जाब विचारता आला.

याच्या नेमके उलट चित्र पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी दिसले. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात हवामानखात्याने मोठ्या हिमवृष्टीचा इशारा दिला होता. तो ऐकूनही, किंबहुना बर्फ पाहावयास मिळणार म्हणूनच, हजारो मोटारी डोंगर चढू लागल्या आणि त्यांना पायथ्याशी वेळीच अडवले गेले नाही. ७ जानेवारीच्या रात्री झाडे उन्मळून रस्ते अडले. वीसहून अधिक माणसे आपापल्या मोटारींतच मरण पावली. काही थंडीने, तर काही बंद गाडीत साचलेल्या विषारी धुराने. इशारा होता, पण त्या इशाऱ्याचा हुकूम झाला नव्हता.

मरीच्या जागी कर्जत आणि बर्फाच्या जागी धबधबा ठेवून पाहावे म्हणजे हे चित्र परके वाटणार नाही. बहुतेक पावसाळ्यांत कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर व धरणांवर जाण्यास मनाईचे हुकूम निघतात आणि रविवारी सकाळी नेरळ-कर्जतच्या गाड्या सहलकऱ्यांनी भरून वाहतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. मनाईचे हुकूम असूनही असे का होते? कारण हुकूम बहुधा कागदावर असतो. रस्त्यावर, नाक्यावर, गाडीतळावर तो बजावणारे कोणी नेमलेले नसते. शहरातील सुशिक्षित माणसालाही मनाई ही आपल्याहून अडाण्यांसाठी असते असे वाटते, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परंतु सहलकरी स्वेच्छेने येतो आणि संध्याकाळी परत जातो. वाडीवरचा ठाकर किंवा कातकरी कोठे जाणार? कशेळ्यास ग्रामीण रुग्णालय आहे, बाजार आहे, एस.टी. थांबते. आसपासच्या वाड्यांना जगाचा दरवाजा तोच. मधला ओढा भरला की तो दरवाजा मिटतो. मग बाळंतपणास आलेल्या बाईला झोळीत घालून चार गडी चिखल तुडवीत निघतात. अशा वार्ता रायगडच्या डोंगराळ भागातून वर्षानुवर्षे येतात. हिमवादळात अडकलेल्या प्रवाशांची जी छायाचित्रे आम्ही कुतूहलाने पाहतो त्यांहून त्या कमी भीषण नाहीत.

याच मुलखात, खालापूर तालुक्यात, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर उतरला. २२८ लोकवस्तीची ती ठाकरवाडी इर्शाळगडाच्या कुशीत होती आणि तेथवर गाडीरस्ता नव्हता. शासनाने विधिमंडळात सांगितल्याप्रमाणे त्या आधीच्या तीन दिवसांत तेथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. ढोबळ हिशेबाने एक इंच पाण्याचे दहा इंच बर्फ होते. म्हणजे तीन दिवसांत त्या डोंगरावर पाच मीटर बर्फाइतके पाणी कोसळले. स्वित्झर्लंडला त्यासाठी महिना लागला होता. मातीचे ढिगारे उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत. जवान आणि गावकरी फावड्यांनी, हातांनी माती उपसत राहिले. मदतीस निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा त्या चढणीतच हृदयविकाराने अंत झाला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे कधीच सापडली नाहीत आणि २३ जुलै रोजी शोध थांबवण्यात आला. वाचलेल्यांसाठी पुढे सिडकोने चौकनजीक नवी घरे बांधली, हे योग्यच झाले. परंतु ज्या यादीवरून दरडप्रवण गावांची काळजी घेतली जाते त्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते, ही गोष्ट नव्या घरांनी पुसली जात नाही.

त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी भीमाशंकरच्या पलीकडच्या अंगास, आंबेगाव तालुक्यात माळीण गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाकडून. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक बळी गेले. पुराने रस्ते तुटल्यामुळे मदत पोहोचण्यास विलंब झाला. तिन्ही ठिकाणी दोष पावसाचा म्हणून सांगितला गेला. पाऊस तर दर वर्षी येतो. रायगड जिल्ह्यात तो सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. जो पाहुणा दर वर्षी ठरल्या महिन्यात येतो त्याला अकस्मात आलेले संकट म्हणणे कोणत्या न्यायाने शोभते?

आमच्या लोकांना शिस्त जमत नाही, ती युरोपात शोभते, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर कर्जतच्या स्थानकातच उभे आहे. तेथून वर चढणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. पावसाळ्यापूर्वी या घाटातील कडे तपासून सैल दगड पाडले जातात, पावसात रुळांवर गस्त असते, गाड्यांचा वेग उतरवला जातो. याहून बोलके उदाहरण कोकण रेल्वेचे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीनजीक दरडीवर गाडी आदळून पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्यू पावले. आज त्या मार्गावर उतारांना तारांची जाळी आहे, रात्रंदिवस गस्त आहे आणि दर वर्षी पावसाळ्यापुरते निराळे वेळापत्रक लागू होते. गाड्या सावकाश चालतात, प्रवासी उशिरा पोहोचतो आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. कारण वेळापत्रकातच उशीर लिहिलेला असतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी सुखरूप बाहेर काढण्यात आले. गाडीने प्रवास करणाऱ्याचा जीव मोलाचा मानला जातो, हे यावरून सिद्ध होते. पायी चालणाऱ्याचा जीवही तितकाच मोलाचा मानावा, एवढेच आमचे मागणे आहे.

यास्तव आमची सूचना अशी की, कर्जत व खालापूर या तालुक्यांसाठी रेल्वेप्रमाणेच एक पावसाळी वेळापत्रक तयार व्हावे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालापासून अस्तित्वात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणास वाहतूक रोखण्याचा आणि लोकांना हलवण्याचा अधिकार त्याने दिलेला आहे. नव्या कायद्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती चार गोष्टी आधी लिहून ठेवण्याची. पहिली, कोणत्या ओढ्याला कोणत्या खुणेपर्यंत पाणी चढले किंवा किती मिलिमीटर पाऊस झाला की कोणता रस्ता बंद होईल. दुसरी, तो कोण बंद करील. खात्याचे नाव लिहून भागणार नाही, पदाचे नाव हवे. तिसरी, बाजूला काढलेली माणसे कोठे निजतील, त्या शाळेची किल्ली कोणापाशी राहील आणि तेथे धान्य कोण पोहोचवील. चौथी, पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या गर्भवतींना आधीच रुग्णालयानजीक कसे आणले जाईल. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत बाळंतपणाआधी राहण्यासाठी माहेरघरांची योजना आहेच. तिचा आधार येथे घ्यावा. सहलकऱ्यांसाठीही हाच हुकूम असावा. वाडीची वाट ज्या दिवशी बंद, त्या दिवशी धबधब्याची वाटही बंद.

इशारा देऊन पाऊस पडलाच नाही तर काय, असा दुसरा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. शहरातील नोकरदाराची एक रजा वाया जाईल. वाडीवरच्या मजुराची त्या दिवसाची भाकरी बुडेल. भातलावणीच्या दिवसांत घर सोडून शाळेत बसा, असे त्याला सांगणे सोपे नाही. दोन खेपा फुकट गेल्या की तिसऱ्या खेपेस तो हलणार नाही. म्हणूनच हलवण्याच्या हुकुमाबरोबर त्या दिवसाचे धान्य व बुडालेली मजुरी देण्याची तरतूद असलीच पाहिजे. ती नसेल तर सुरक्षिततेचा सारा खर्च गरिबानेच सोसावा असा त्याचा अर्थ होईल.

ही कल्पना या मातीला नवी नाही. कशेळ्याच्याच अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यकोशांचे काम केले. पावसाळ्यात कणग्या रिकाम्या होतात आणि सावकाराकडून दामदुपटीने भात उचलावे लागते, हे वर्षानुवर्षांचे दुखणे. सर्वांनी मिळून धान्य साठवावे, गरजेस उचलावे आणि सुगीनंतर परत भरावे, असा त्यावर उपाय निघाला. आषाढाची भूक हिवाळ्यातच ओळखावयाची, हे त्यामागचे साधे शहाणपण. भुकेच्या बाबतीत वाडीला जे जमले ते रस्त्याच्या बाबतीत शासनास जमू नये, असे मानण्यास आम्ही तयार नाही.

आणि हे केवळ वाडीचे प्रकरण नाही. मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर चालल्या ती याच डोंगरांच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीस आणि १९२२ पासून भिवपुरीस निर्माण झाली. तेच भिवपुरीचे पाणी पेज नदीत उतरून उन्हाळी भात पिकवते. या डोंगरांचा पाऊस शहराने शंभर वर्षे वापरला आहे. त्याच पावसात बुडणाऱ्या वाटेची चौकशी करणे हे शहरावर ऋण आहे, उपकार नव्हे.

काम करण्याचा हंगाम हाच आहे. साकव, मोऱ्या आणि रस्ते कोकणात दिवाळी ते मे या अवधीतच बांधता येतात. उतारांची पाहणीही गवत वाळल्यावर नीट होते. इर्शाळवाडीसारखी नावे यादीत आहेत की नाहीत, हे पायी चढून पाहण्यास या थंड, कोरड्या दिवसांसारखे दिवस नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. त्यापूर्वी हे वेळापत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, प्रत्येक एस.टी. थांब्यावर आणि कर्जत-नेरळच्या फलाटांवर मराठीत लागलेले दिसले पाहिजे, आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असली पाहिजे.