सागरतळ ऐकला, गडचिरोली कधी?

4 डिसेंबर 2024 रोजी सकाळी 7.27 वाजता तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत हादरे बसले. केंद्रबिंदूची खोली 40 किलोमीटर असल्याचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने सांगितले. गोदावरीच्या खचदरीत हे नवे नाही. 1969 साली भद्राचलमला 5.7चा धक्का बसला होता. बातम्या विरल्या, विषय मिटला. भूकंपशास्त्रज्ञांनी मात्र खोलीच्या त्या आकड्यापाशी थबकायला हवे. जवळ भूकंपमापन केंद्रे नसली तरी भूकंपाची जागा बऱ्यापैकी हाती लागते, खोली निसटते.

अशी केंद्रे जमिनीवर उभारण्याहून अवघड कामे समुद्रात झाली आहेत. 2012-13मध्ये फ्रेंच-जर्मन मोहिमेने रियुनियन बेटाच्या आसपास 57 भूकंपमापक सागरतळावर सोडले. असे यंत्र वजनाने बुडते. तळाशी कोणत्या दिशेला तोंड करून बसले, ते कोणालाच दिसत नाही. दूरच्या भूकंपांच्या लहरी पाहून मागाहून उत्तर दिशा ठरवायची. पाण्याखाली जीपीएस पोहोचत नाही, घड्याळ हळूहळू भरकटते, म्हणून सोडताना आणि काढताना ते ताडून मधला फरक हिशेबात धरायचा. वर्षभराने ध्वनिसंकेत दिला की वजन सुटते आणि यंत्र वर येते. आले तर!

या खटाटोपाचे फळ 2021मध्ये प्रसिद्ध झाले. रियुनियनखालून वर येणाऱ्या तप्त खडकाच्या प्रवाहाचे मूळ थेट पृथ्वीच्या गाभ्याच्या सीमेवर, सुमारे 2,900 किलोमीटर खोल, आफ्रिकेच्या दक्षिण भागाखाली असावे आणि तिथून वर त्याला झाडासारख्या फांद्या फुटत असाव्यात, असे चित्र त्यातून पुढे आले.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा याच प्रवाहातून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या लाव्ह्याची पूर्वेकडची किनार चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात आहे. मध्ये कोळशाची गोंडवना खचदरी, पलीकडे गडचिरोलीत बस्तरचा प्राचीन खडक. लाव्ह्याखालचे, खचलेले आणि लाव्ह्याबाहेरचे असे तिन्ही भूभाग एका दिवसाच्या जीपप्रवासात! दूरच्या भूकंपांच्या लहरी या तिघांखालून येताना कशा बदलतात, हे मोजायला याहून सोयीची ओळ महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही.

अडचणी आहेतच. चंद्रपूरकडे खुल्या खाणींचे सुरुंग नोंदीत घुसतात. आलापल्लीच्या जंगलात शांतता मिळेल, पण सागाच्या सावलीत सौरपट्टी चालणार नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि तिथल्या यंत्राकडे फिरकता येत नाही. पण वर्षभर कोणी न फिरकता चालणारे यंत्र सागरतळवाल्यांनी कधीच सिद्ध केले आहे. हिंदी महासागरातल्या गुरुत्वीय खळग्याखाली, म्हणजे गुरुत्वाकर्षण कमी भरणाऱ्या भागाखाली, काय आहे हे पाहण्यासाठी वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रानेही सागरतळावर भूकंपमापक उतरवले आहेत. हा अनुभव गोव्यातच आहे, दूर जायला नको.

म्हणून या मासिकाची सूचना अशी: कोरपना, आलापल्ली आणि भामरागड अशी तीन ब्रॉडबँड भूकंपमापन केंद्रे निदान दोन वर्षांसाठी उभारावीत, वनविभागाने विश्रामगृहांच्या आवारात जागा द्यावी, देखभालीसाठी गोंडवाना विद्यापीठाचे विद्यार्थी तयार करावेत आणि नोंदी सर्वांना खुल्या ठेवाव्यात. यंत्रे पुरण्याचे काम मात्र मे संपण्यापूर्वी उरकावे लागेल.