मोतीचा खाऊ आणि दोन मुठी बेदाणे



गेल्या पंधरवड्यात कराडच्या एका भगिनींचं पत्र आलं. त्या लिहितात, "आमच्या धाकट्याने हट्टाने कुत्र्याचं पिल्लू आणलं, ते आता वर्षाचं झालं. त्याच्या वाढदिवसाला घरी काहीतरी भाजून द्यायचं मुलाच्या मनात आहे. केळं, सफरचंद, मनुका आणि खजूर घालून पौष्टिक बिस्किटं करावीत म्हणते. प्रमाण सांगाल का? सासूबाई मात्र म्हणतात, माणसांच्या तोंडची फळं कुत्र्याला कशाला?"

एरवी मी पत्रं एकत्र करून सवडीने उत्तरं देते. पण या पत्रातल्या एका शब्दावर माझी नजर अडकली आणि सगळी कामं बाजूला ठेवून मी त्यांना आधी दोन ओळी टाकल्या, "मनुका घालू नका. बाकीचं सविस्तर लिहिते." ते सविस्तर आज लिहिते आहे. त्यात माझी स्वतःची चूकही सांगणार आहे. सांगायला जड जातं, पण तुमच्यापैकी एकीच्या जरी उपयोगी पडलं, तरी सांगितल्याचं सार्थक होईल.

आमचा मोती गावठी. भर पावसात जिन्याखाली कुडकुडत बसला होता, तो आमच्याकडेच राहिला. वजन अकरा किलो. खाण्याच्या बाबतीत अगदी सालस. पोळी द्या, भात द्या, कधी कुरकुर नाही. तीन वर्षांपूर्वी भाऊबिजेला नणंदबाई आल्या, त्यांनी येताना तासगावचे दोन किलो बेदाणे आणले. पिवळेधमक, टपोरे. मी खिरीत घातले, शिऱ्यात घातले, मुलांच्या डब्यात दिले. आणि एके दिवशी काळी पडत चाललेली केळी संपवायची म्हणून मोतीसाठी बिस्किटं केली, त्यात मोठ्या हौसेने दोन मुठी बेदाणे घातले. रक्त वाढतं, ताकद येते, असं आपण आपल्या लेकरांच्या बाबतीत म्हणतोच की! मग मोतीने काय घोडं मारलंय?

डबा ओट्याच्या कडेला राहिला, झाकण नीट लागलं नव्हतं. आम्ही शेजारी हळदीकुंकवाला जाऊन येईपर्यंत मोतीने डबा पाडून निम्मी बिस्किटं फस्त केली होती. आम्ही सगळे हसलो. आमचे हे तर म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे, याची ही पावती!" रात्री त्याला दोनदा उलटी झाली. मी म्हटलं, जास्त खाल्लं, उद्या उपास घालू, होईल बरा. सकाळी बघते तर मोरीच्या कोपऱ्यात अंग टाकून पडलेला. पाण्याला तोंड लावेना. हाक मारली तर नुसती शेपटी हलली.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लं?" मी मोठ्या ठसक्यात सांगितलं, "बाहेरचं काही नाही हो, घरचीच बिस्किटं!" त्यांनी विचारलं, "बिस्किटांत काय काय होतं?" मी एकेक नाव सांगत गेले आणि बेदाण्यांपाशी आल्यावर त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, रात्रीच आणला असतात तर औषधाने ओकून काढता आलं असतं. आता मूत्रपिंडं किती तग धरतात ते बघायचं."

तीन दिवस सलाईन चाललं. रोज रक्त तपासलं. मी पिशवीत पाण्याची बाटली घेऊन त्या लाकडी बाकावर बसून असायची. त्या तीन दिवसांत एकच गोष्ट सारखी टोचत होती. परक्या कुणी त्याला काही घातलं नव्हतं. मी, माझ्या हाताने, मायेने करून ठेवलेलं त्याला बाधलं होतं. मोती वाचला. पण अजून दर सहा महिन्यांनी त्याचं रक्त तपासावं लागतं, आणि आमच्या घरी बेदाण्यांची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर असते.

तर बहिणींनो, पहिली आणि मोठी गोष्ट ही : द्राक्षं, बेदाणे आणि मनुका कुत्र्याला कधीही देऊ नका. किती खाल्ले तर चालतात, असं सुरक्षित माप नाही. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही, दुसऱ्याची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात, आणि आपला कुत्रा कोणत्या जातकुळीतला ते आधी कळत नाही. यामागचं कारण कितीतरी वर्षं डॉक्टरांनाही उमगत नव्हतं. 2021 साली अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. त्यांना हा धागा कसा सापडला म्हणाल, तर ज्या पदार्थांत हेच आम्ल भरपूर असतं, ते खाऊनही कुत्र्यांना अगदी असाच त्रास झाल्याचं त्यांच्या पाहण्यात आलं. आणि त्यातला एक पदार्थ कोणता माहीत आहे? आपली चिंच! तेव्हा चिंचगुळाची आमटी, भेळेची चटणी, चिंचेचा कोळ यांतलं काहीही त्याच्या ताटलीत जाता कामा नये. सत्यनारायणाच्या प्रसादाचा बेदाणे घातलेला शिरासुद्धा त्याला देऊ नका.

आणखी काही गोष्टी मनाशी पक्क्या करा. चॉकलेट आणि कोको नको. कांदा-लसूण नको, कच्चा नको, शिजलेला नको, फोडणीतलाही नको, कारण त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपण गोड पदार्थात सढळ हाताने जायफळ किसतो, तेही इथे नको. बिनसाखरेच्या गोळ्या, च्युइंगम आणि काही शेंगदाण्याच्या लोण्यात झायलिटॉल नावाची गोडी वापरतात. माणसाला ती चालते, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर तिने एकदम खाली येते आणि यकृतावरही घाला पडतो. विकतचं काहीही घालण्याआधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. पत्रातल्या खजुराबद्दल म्हणाल तर तो विषारी नाही, पण नुसती साखरच. शिवाय बी घशात अडकायची भीती. तोही राहू द्या.

मग द्यायचं काय? पुष्कळ आहे! केळं, सफरचंद, पपई, चिकू, आंब्याचा गर, कलिंगड, आणि भाजीतला लाल भोपळा. नियम एकच : साल काढायची, बिया काढायच्या. सफरचंदाचा मधला भाग बियांसकट टाकून द्या. चिकूची आकड्यासारखी बी आणि आंब्याची कोय पोटात जाऊन अडकते, मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं. सीताफळाच्या वाटेला जाऊच नका, त्याच्या बिया विषारी. कुठलंही नवीन फळ पहिल्यांदा बोटाच्या पेराएवढं द्या आणि एक दिवस वाट बघा.

आता आजचा खाऊ.

केळं-सफरचंदाची बिस्किटं

साहित्य : दीड वाटी गव्हाचं पीठ (चाळू नका, कोंडा राहू द्या), अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, एक लहान पूर्ण पिकलेलं केळं, अर्धं सफरचंद (साल काढून किसलेलं), एक चमचा तेल. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, खायचा सोडा नाही. हे वाचून तुमचा हात नक्की अडखळणार, माझाही अडखळला होता! पण कुत्र्याला फळाची गोडी आपल्यासारखीच कळते, वेगळ्या गोडाची त्याला गरज नाही.

कृती : केळं परातीत हाताने चांगलं कुस्करा, गुठळी ठेवू नका. त्यात सफरचंदाचा कीस आणि तेल घाला. दोन्ही पिठं मिसळून घट्ट मळा. पाणी एकदम घालू नका. फळांना पाणी सुटतं. पीठ हाताला चिकटलं तर ज्वारीचं पीठ लावा, फारच कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी. दहा मिनिटं झाकून ठेवा. मग पाव इंच जाडीची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे कातण्याने लहान लहान तुकडे कापा. साधारण पन्नास होतात. प्रत्येकाला काट्याने दोन टोचे द्या, म्हणजे फुगणार नाहीत.

ओव्हन असेल तर 160 अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं भाजा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या कढईत वाटीभर जाडं मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, वर लहान तिवई ठेवा, झाकण घालून दहा मिनिटं तापवा. मग तेलाचा हात लावलेल्या ॲल्युमिनियमच्या ताटलीत तुकडे सुटे सुटे मांडून आत ठेवा. मंद आचेवर पस्तीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कुकरमध्ये करणार असाल तर रबरी रिंग आणि शिट्टी काढायला विसरू नका. नानकटाई कढईत करणाऱ्यांना हे सगळं सवयीचं आहे.

बिस्किट मोडल्यावर कट्‌ आवाज आला पाहिजे. आत ओलसर राहिलं तर दोन दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशीचं खाणं कुत्र्यालाही बाधतं. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आठ दिवस टिकतात. पावसाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा. झाकण घट्ट का, ते आता मी वेगळं सांगायला नको!

भोपळ्याच्या दिवसांत केळं-सफरचंदाऐवजी लाल भोपळ्याच्या फोडी वाफवून, पाणी निथळून, अर्धी वाटी गर घ्या. एखाद्या कुत्र्याला गहू सोसत नाही, अंगाला खाज सुटते. त्याच्यासाठी सगळं पीठ ज्वारीचं किंवा तांदळाचं घेऊन हातानेच लहान पेढे थापा. उन्हाळ्यात भट्टी पेटवायचा कंटाळा आला तर कलिंगडाच्या बिया काढून बारीक फोडी करा, फ्रिजरमध्ये गोठवा आणि दुपारी दोन फोडी द्या. बघा कसा खूष होतो!

किती द्यायची?

इथेच आपण बायका चुकतो. खाऊ हा खाऊ, ते जेवण नव्हे. दिवसभराच्या खाण्यातला फार तर दहावा भाग वरखाऊचा असावा, असं डॉक्टर सांगतात. या मापाने दहा किलोच्या कुत्र्याला वरची तीन बिस्किटं पुरेत. पाच किलोच्या पॉमेरियनला एक, फार तर दीड. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्याला पाच-सहा. स्थूल कुत्र्याला याच्या निम्मी. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा पिल्लू अगदीच लहान असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

पण घरात हिशेब ठेवणार कोण? सकाळी चहाबरोबर आजोबा एक देतात, शाळेतून आल्यावर मुलं दोन देतात, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर सासूबाई देतात, आणि रात्री आपल्याला वाटतं, अरेच्या, मी आज दिलंच नाही! यावर आमच्याकडे तोडगा निघाला तो असा. सकाळी मोठ्या डब्यातून मोजून तीन बिस्किटं एका छोट्या डबीत काढून ठेवायची. ज्याला द्यायचं असेल त्याने त्या डबीतलंच द्यायचं. डबी संपली, दिवस संपला. मोजायचं काम धाकट्यावर सोपवलंय. तो इतका कडक आहे की आजोबांनासुद्धा सोडत नाही.

आणखी एक गोष्ट, लिहून फळीला चिकटवून ठेवा. कुत्र्याने नको ते खाल्लं असं कळलं, की उलटीची वाट बघू नका, उपास घालू नका. किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, तेवढं सांगून तडक डॉक्टरांना फोन करा. पहिल्या दोन-तीन तासांना फार किंमत आहे. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, त्याने दुसराच अनर्थ होतो.

आता कराडच्या सासूबाईंचं म्हणणं. आजी, तुमचं अगदीच चुकीचं नाही. घरातल्या मुलांना फळ मिळत नसताना कुत्र्याचे लाड कुणी करू नयेत. पण या खाऊला एक काळं पडलेलं केळं आणि डबा खाऊन उरलेलं अर्धं सफरचंद लागतं. चहाबरोबर आपण त्याला विकतची मैद्याची गोड बिस्किटं टाकतो, त्यापेक्षा हे स्वस्त आणि बरं. आणि दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायाशी कुत्री बसलेली असतात, ती तुम्ही रोज बघता. त्याला घास घालायला तुमची ना नाहीच, हे मला ठाऊक आहे. घास कोणता, एवढंच आता बघायचं.

माया आपल्याकडे भरपूर असते. तिच्याबरोबर थोडी चौकशीही हवी, हे मी त्या लाकडी बाकावर शिकले. वाढदिवस झाला की पिल्लाला बिस्किटं आवडली का, ते कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच.