गोळ्याची बाजू

चैत्र संपत आला की आपल्या शहाद्याच्या रस्त्यांवर दोन प्रकारच्या गाड्या दिसू लागतात. एक उसाच्या रसाची, घुंगरांची. दुसरी बर्फाच्या गोळ्याची, रंगीत बाटल्यांच्या रांगेची. पहिलीविषयी पालकांची फारशी तक्रार नसते. दुसरीचे नाव निघताच मात्र घरोघर कपाळास आठ्या पडतात, आणि शाळेतून तर तिच्याविरुद्ध दरसाल एक सूचना निघते. गेल्या वर्षीच्या सूचनेवर प्रस्तुत लेखकाचीही सही होती. त्या सहीचा पुढे पश्चात्ताप झाला, म्हणूनच हा लेख.

त्याचे असे झाले. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात काही मुलांची पोटे बिघडली. दोष अर्थातच गोळ्यावर आला, आणि फाटकाजवळ उभ्या राहणाऱ्या गोळेवाल्यास आम्ही तेथून हलविले. मुले काही गोळा खाण्याची थांबली नाहीत. ती बसस्थानकाकडे जाऊ लागली, जेथे त्यांच्या हाती काय पडते हे पाहणारे आमच्यापैकी कोणीच नव्हते. गाडी ढकलीत जाताना तो गोळेवाला एवढेच म्हणाला, "गुरुजी, बर्फ मी करत नाही. मी तो नुसता घासतो."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. खरोखरच, दोष असला तर तो रंध्यात नव्हे, लादीत असतो. आणि लादी कशी तयार होते याचा विचार आपण क्वचितच करतो. बर्फाच्या कारखान्यात पत्र्याचे उभे डबे पाण्याने भरून अतिथंड अशा मिठाच्या पाण्याच्या हौदात सोडतात. मिठामुळे हौदातील पाणी शून्य अंशाखालीही द्रवच राहते. डब्यातील मात्र गोठते. हे गोठणे कडेकडून आत सरकत जाते. निव्वळ पाण्याचे स्फटिक आधी जमतात, आणि विरघळलेली हवा, क्षार व गाळ मधोमध ढकलले जातात. म्हणूनच लादीची कड काचेसारखी व गाभा दुधासारखा पांढुरका दिसतो. गोठल्यावर जंतू मरतात असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज आहे, तो चुकीचा होय. त्यांतील कित्येक बर्फात नुसते झोपी जातात व पोटात गेल्यावर जागे होतात. मूळ पाणी जसे, तसा बर्फ. त्यात पुन्हा गोणपाटाची व भुशाची भर.

मासळी अथवा इतर नाशवंत माल थंड ठेवण्यासाठी जो बर्फ करतात तो पिण्याच्या पाण्याचाच असतो असे नाही. तो खाण्यात मिसळू नये म्हणून त्यास निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात १ जून २०१८ पासून झाला. ही खूण प्रत्येक मुलास पाठ असावयास हवी. परंतु काला खट्ट्याखाली निळा रंग कोठून ओळखू येणार? तेव्हा बाटलीकडे बोट दाखविण्यापूर्वी मुलांनी लादीकडे पाहावे. रंगांचीही तीच गोष्ट. खाद्यपदार्थांसाठी कायद्याने आठच कृत्रिम रंगांस मान्यता दिली आहे व त्यांचे प्रमाणही बांधून दिले आहे. कापड रंगविण्याचा भडक गुलाबी रोडामाइन त्यांत नाही.

इतके दोष सांगूनही मी गोळ्याचीच बाजू घेतो, याचे पालकांस नवल वाटेल. पण वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा त्या गोळ्याचे काम काय असते ते पाहा. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते, हे नववीचा विद्यार्थीही सांगेल. ती तोंडातूनच घेतली जाते, आणि म्हणून जे सुख गार पाण्याच्या पेल्यात नाही ते गोळ्याच्या एका चोखण्यात आहे. त्यात दूध नाही. दुधाचे आइस्क्रीम करावयाचे तर दूध आटविणे आले आणि विकेपर्यंत ते गोठलेले ठेवणे आले. गाडीवर उभे राहणाऱ्याच्या ते आवाक्यातले नव्हे. गोळ्यास लादी, साखर व फळ पुरते. म्हणूनच तो दहा-वीस रुपयांत मिळतो, आणि धडगावकडून येऊन वसतिगृहात राहणारा मुलगाही तो मित्रास देऊ शकतो. ज्यास आइस्क्रीम परवडत नाही त्याने गोळा खावा, अशी एक तुच्छतेची भावना आपल्यात आहे. मला ती मुळीच मान्य नाही.

या बाबतीत तैवान बेटाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. कर्कवृत्त त्या बेटाच्या मधून जाते, आणि आपले शहादे त्या वृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेस. तेथील उन्हाळाही दमट व जाचक. तेथेही बर्फाची लादी किसतात. त्या पदार्थास ते बाओबिंग म्हणतात. परंतु तो धुळीत उभ्याने चोखावयाचा नसतो. दुकानात बसून, वाडग्यात, चमच्याने खावयाचा असतो. किसावर उसाच्या काळसर साखरेचा पाक, आणि त्यावर गोड शिजविलेले मूग, चवळीसारखे बारीक लाल दाणे, अळकुड्यांच्या व रताळ्यांच्या मऊ गोळ्या. अलीकडे कोणी आटीव दूधही ओततात, पण जुनी रीत बिनदुधाची. त्यांचा आणखी एक प्रकार मला फार आवडला. वड-उंबराच्या कुळातील एका वेलीच्या फळाचे बारीक बी ते फडक्यात बांधून पाण्यात चोळतात. चुलीवर न ठेवताच त्या पाण्याची थरथरती वडी जमते, आणि ती लिंबू व मधाच्या पाण्यात बर्फ घालून खातात. हे ऐकून सब्जाची आठवण कोणास होणार नाही? चियाओतोऊ येथील १९०१ सालच्या साखर कारखान्याचे आता संग्रहालय झाले आहे. तेथे जाणारे लोक यंत्रे पाहतात आणि हटकून बर्फाचा गोड पदार्थ खाऊन परततात.

आता आपल्याकडे पाहा. ऊस आपल्या शिवारात आहे. पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबे कैऱ्या वाळवून आमचूर करतात, तो बाजारात जातो. चिंच दारोदार आहे. ज्येष्ठात जांभूळ येते. आणि इतके असून आपल्या गोळ्यावर पडते काय, तर कोठून आली हे कोणास सांगता न येणारी बाटली! उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड, एवढ्यावर जो पाक होतो त्याच्यापुढे ती बाटली उभी राहावयाची नाही. साखर त्यातही आहेच, तेव्हा रोज दोन-दोन गोळे खावेत असे मी म्हणत नाही.

मुंबईस १८३४ साली अमेरिकेतील बोस्टनहून जहाजाने बर्फ आला, आणि तो खाऊन बड्या लोकांना सर्दी झाली, असे सांगतात. म्हणजे पालकांची तक्रारही जवळजवळ तितकीच जुनी आहे. असो.

या वर्षी सूचना काढावयाची नाही असे आम्ही काही शिक्षकांनी ठरविले आहे. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी त्याच गोळेवाल्याची गाडी फाटकाच्या आत उभी राहील. पाणी शाळेच्या शुद्धीकरण यंत्राचे. अडचण एवढीच होती की त्याच्या रंध्यास मोठी लादी लागते, घरच्या फ्रीजमधील तुकडे त्यावर धरता येत नाहीत. पण एका पालकांनी आपल्या दुकानातील डीप फ्रीझर दोन दिवस मोकळा करून देण्याचे कबूल केले आहे, स्टीलचे डबे आम्ही देऊ. पाक नववीच्या मुली व मुले मिळून करतील. ज्यांच्या शेतात कैरी असेल त्या पालकांनी ती आदल्या शनिवारपर्यंत शाळेत पोहोचवावी. गोळेवाल्यास निरोप गेला आहे. तो येतो म्हणाला. मात्र काला खट्ट्याची बाटली आपण आणणारच, असेही त्याने बजावले आहे. ती आधी मी पाहणार आहे.