लहरींची वाटणी आणि वहिवाट

४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या समुद्रात ब्रिटनच्या ‘शेफील्ड’ या विनाशिकेवर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले. २० नौसैनिक मृत्युमुखी पडले आणि सहा दिवसांनी ती विनाशिका बुडाली. त्या दिवशी जहाजावर अनेक चुका झाल्या होत्या. त्यातली एक आजही रेडिओ-लहरींशी संबंध असलेल्या प्रत्येक सैनिकाला शिकवण्याजोगी आहे. हल्ला होत असताना जहाजाचा उपग्रह-संपर्क चालू होता. ते यंत्र लहरी सोडू लागले की शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे जहाजावरचेच दुसरे यंत्र तेवढ्या वेळेपुरते बहिरे होत असे. दोन्ही यंत्रे उत्तम होती, दोन्ही आवश्यकही होती. एकाच वेळी, एकाच डोलकाठीच्या आसपास ती नीट नांदत नव्हती, एवढेच.

या रेडिओ-लहरींच्या पट्ट्यांसाठीचा स्पेक्ट्रम हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला तो लिलावामुळे. २०१० मधील थ्री-जीच्या लिलावातून सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. २०२२ मध्ये फाइव्ह-जीच्या वेळी बोली दीड लाख कोटींच्या वर गेली. त्यामुळे लहरी म्हणजे पैसा हे समीकरण पक्के झाले आणि सैन्यदलांकडे असलेला स्पेक्ट्रम हा जणू अडवून ठेवलेला पैसा वाटू लागला. मोबाइल कंपन्या, दूरसंचार खाते आणि संरक्षण मंत्रालय यांची ओढाताण त्यानंतर वर्षानुवर्षे चालली. २००९ मध्ये करार झाला. सैन्याने टू-जी आणि थ्री-जीसाठी ४५ मेगाहर्ट्झ टप्प्याटप्प्याने मोकळे करायचे आणि बदल्यात सरकारने सैन्यासाठी ऑप्टिकल फायबरचे स्वतंत्र जाळे उभारून द्यायचे, असे ठरले. या जाळ्यासाठी २०१२ मध्ये १३,३३४ कोटी रुपये मंजूर झाले. २०१८ मध्ये आणखी ११,३३० कोटींची भर घालावी लागली. दरम्यान २०१५ मध्ये संरक्षणासाठी राखीव पट्टे निश्चित करण्याचा आणि सीमेलगतच्या प्रदेशाला वेगळा दर्जा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. फाइव्ह-जीच्या तोंडावर वाद पुन्हा उफाळला. ३३०० ते ३४०० मेगाहर्ट्झ संरक्षणाला हवे होते, त्याला लागूनचे २५ मेगाहर्ट्झ अवकाश विभागाला. शेवटी २०२२ च्या लिलावात ३३०० पासूनच पट्टा विक्रीला आला.

हा सगळा इतिहास वाटणीचा आहे. वाटणी महत्त्वाची असते, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण सातबाऱ्यावर नाव कोणाचे आणि आज त्या बांधावरून बैलगाडी कोणाची जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लहरींच्या बाबतीत आपण पहिल्या प्रश्नावर दोन दशके खर्च केली. दुसरा, म्हणजे वहिवाटीचा प्रश्न, अधिक अवघड आहे आणि युद्धात जीव जातात ते त्याच्यामुळे.

सैन्याला लहरी लागतात त्या एका प्रकारच्या नव्हेत, आणि एक काढून घेऊन तिच्या जागी दुसरी देता येत नाही. खोल पाण्यातल्या पाणबुडीपर्यंत संदेश पोचवायचा तर अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच लागते, कारण समुद्राच्या खारट पाण्यात तीच थोडीफार खाली उतरते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र त्यासाठीच आहे. डोंगरापलीकडच्या तुकडीशी बोलायला ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या, आकाशातील आयनांच्या थरावरून परतणाऱ्या लहरी कामी येतात. रणगाड्यांचे आपसांतले बोलणे साधारण ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये चालते. समोरचे विमान आपले की परके हे विचारणारी यंत्रणा जगभर १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते आणि १०९० वर उत्तर ऐकते. जहाजावरच्या दूरवर पाहणाऱ्या अनेक रडारांना नेमका तो पट्टा सोयीचा असतो, ज्याच्या आसपास आज आपले मोबाइल चालतात. छावणीतले टेलिफोन फायबरवर नेता येतात आणि ते नेले हे चांगलेच झाले. धावत्या रणगाड्याला, उडत्या विमानाला आणि समुद्रातल्या जहाजाला मात्र तार जोडता येत नाही.

युद्धात यात भर पडते ती जॅमिंगची, म्हणजे मुद्दाम लहरी सोडून दुसऱ्याचे संदेश बुजवण्याची. ही कला नवी नाही. १९०४ मध्ये पोर्ट आर्थरला जपानी जहाजांचा तोफमारा अचूक व्हावा म्हणून बिनतारी संदेश जात होते, ते रशियन तारयंत्र्यांनी आपली यंत्रे सतत वाजवत ठेवून बिघडवले होते. पण जॅमर मित्र आणि शत्रू असा भेद करत नाही. इराकमध्ये रस्त्याकडेला पेरलेले बॉम्ब दूरनियंत्रणाने फुटू नयेत म्हणून अमेरिकी गाड्यांवर जॅमर बसवले गेले. त्यांनी प्राण वाचवले, पण आपल्याच गाड्यांचे रेडिओही दाबले. जॅमर चालू ठेवून गप्प राहायचे की तो बंद करून मदत मागायची, अशा पेचात सैनिक सापडत.

म्हणूनच पाश्चात्त्य सैन्यांत मोहिमेआधी एक यादी तयार होते. तिच्यात फ्रिक्वेन्सींचे तीन वर्ग असतात. काही निषिद्ध, म्हणजे संकटात मदतीची हाक ज्यावर दिली जाते तशा, ज्या कोणीही कधीही बुजवायच्या नाहीत. काही संरक्षित, म्हणजे आपल्याच तुकड्या वापरत असलेल्या. तिसरा वर्ग सर्वांत विचार करायला लावणारा आहे. शत्रू ज्यावर बोलतो आहे आणि आपण चोरून ऐकतो आहोत, त्या फ्रिक्वेन्सी. तोफखान्याला वाटते की शत्रूचे बोलणे आत्ता बंद पाडावे. गुप्तवार्ता विभागाला वाटते की त्याला बोलू द्यावे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. निर्णय कोणीतरी एकाने, ठरलेल्या वेळेत करावा लागतो. ही यादी कागदावर सोपी दिसते. दर काही तासांनी ती बदलून शेवटच्या चौकीपर्यंत पोचवणे हे खरे काम आहे.

युक्रेनने या कामाचा वेग कुठल्या कुठे नेला. लंडनच्या ‘रुसी’ या संरक्षण अभ्यास संस्थेने २०२३ मध्ये युक्रेनचे महिन्याला सुमारे दहा हजार ड्रोन नष्ट होत असल्याचा अंदाज मांडला, आणि त्यामागे रशियाच्या जॅमिंगचा मोठा वाटा होता. आज चालणारी फ्रिक्वेन्सी काही दिवसांत निकामी होते, ड्रोन दुसऱ्या पट्ट्यावर जातात, जॅमरही त्यांच्या मागे जातात. आपल्याच शेजारच्या तुकडीने जॅमर लावल्यामुळे आपलाच ड्रोन कोसळण्याचे प्रकार दोन्ही बाजूंनी घडले. अखेर दोघेही मागे केसासारखी बारीक फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन उडवू लागले. लहरींचा गुंता सुटेना, तेव्हा लहरीच टाळल्या.

आपल्यासाठी हे दूरच्या देशाचे वर्तमान राहिलेले नाही. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात ८ आणि ९ मे २०२५ च्या मधल्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे सरकारने सांगितले. त्यांतले अनेक गोळीबाराने, तर अनेक प्रत्यक्ष मारा न करता निष्प्रभ केले गेले. त्या पट्ट्यात लष्कर होते, हवाई दल होते, सीमा सुरक्षा दल होते, आणि नागरी विमानतळ व मोबाइल मनोरेही होते. पुढच्या वेळी ड्रोनची संख्या दहापट असेल असे धरूनच तयारी करावी लागेल. तेव्हा जॅमरांची खरेदी जितकी गरजेची, तितकीच ते कधी, कुठे, कोणाच्या हुकमाने सुरू होतील याची घडी बसवणेही गरजेचे आहे.

आज देशातला स्पेक्ट्रम दूरसंचार खात्याचा १९५२ पासूनचा बिनतारी नियोजन विभाग सांभाळतो. तिन्ही दलांच्या मागण्यांचा मेळ घालण्यासाठी त्यांची संयुक्त यंत्रणा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने संरक्षणासाठीचा स्पेक्ट्रम लिलावाबाहेर ठेवला, ही योग्य गोष्ट झाली. पण ही सर्व व्यवस्था परवाना देण्याच्या वेगाने चालते. परवाना वर्षांसाठी असतो. लढाईत निर्णय मिनिटांत लागतो.

दोघांनी एकच पट्टा वाटून वापरण्याचा प्रयोग अमेरिकेने ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झमध्ये केला आहे. तिथे पहिला हक्क नौदलाच्या रडारचा. किनाऱ्यावरच्या संवेदकांना युद्धनौकेचे रडार जाणवले की संगणक-प्रणाली खासगी वापरकर्त्यांना दुसरीकडे हलवते. २०२० पासून हे व्यापारी स्वरूपात सुरू आहे. मुंबईसारख्या बंदरात, जिथे नौदलाचा मोठा तळ आणि दाट वस्ती शेजारी शेजारी आहेत, असा विचार उपयोगी आहे. मात्र त्यात एक धोका आहे: असे संवेदकांचे जाळे युद्धनौका कुठे आहे हेही सांगत राहते. त्याची किल्ली नौदलाच्याच हाती असली पाहिजे.

नागरिकांचीही यात बाजू आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांचे क्षीण संकेत ऐकणाऱ्या तिथल्या शास्त्रज्ञांना माणसाने सोडलेल्या लहरींचा उपद्रव किती असतो हे रोज अनुभवाला येते. शहरांत मोबाइलचा सिग्नल वाढवण्यासाठी बसवले जाणारे बेकायदा बूस्टर आणि ऑनलाइन मिळणारे जॅमर त्याच उपद्रवात भर घालतात. त्यांच्यावर कारवाई होते ती तक्रार आली की. विमानतळ आणि लष्करी तळांच्या आसपास तरी ती तक्रारीची वाट न पाहता व्हायला हवी. दुसरीकडे, आपल्याकडच्या कोणत्या पट्ट्याचा प्रत्यक्ष वापर किती, याची चोख पाहणी सैन्यदलांनीही करावी आणि गोपनीयता राखून ती सरकारपुढे ठेवावी. जे पडून आहे ते सोडल्याने, जे खरोखर लागते त्यावरचा हक्क अधिक भक्कम होतो.

तिन्ही दलांच्या एकत्रित थिएटर कमांडचा आराखडा आकाराला येत आहे. प्रत्येक कमांडमध्ये लहरींवर शेवटचा शब्द कोणाचा, हे त्या आराखड्यात पदासह लिहिले जावे. त्या पदावरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली लष्कर, नौदल आणि हवाई दलाबरोबर सीमा सुरक्षा दल आणि दूरसंचार खात्याची माणसे असावीत, आणि वर्षातून एकदा तरी मोबाइल कंपन्यांना सोबत घेऊन खऱ्याखुऱ्या जॅमिंगचा सराव व्हावा. संरक्षण मंत्रालयाने हे काम पुढच्या चकमकीची वाट न पाहता हाती घ्यावे.