कर्ज ‘राइट ऑफ’ झालं, माफ झालं नाही

यवतमाळात स्पर्धा परीक्षेच्या वर्गात इंग्रजीचा तास सुरू झाला, की एक यादी हमखास फळ्यावर येते. ‘ॲडव्हाइस’मध्ये सी की एस, ‘स्टेशनरी’त ए की ई, ‘डायरी’ कुठली आणि ‘डेअरी’ कुठली. पोरं युक्त्या पाठ करतात: एन्व्हलपमध्ये ई, म्हणून कागद-पेनांच्या स्टेशनरीतही ई, जागेवरून न हलणारी ती ए-वाली. एक मार्क पक्का. यादीत चूक काही नाही, पण ती कापसाच्या जिल्ह्यासाठी केलेली नाही. इथल्या घरांत इंग्रजी शिरते ती बँकेच्या एसएमएसमधून, कर्जाच्या कागदांतून आणि फवारणीच्या बाटलीवरून. तिथले गोंधळ परीक्षेत विचारत नाहीत, त्यांचे पैसे मात्र मोजावे लागतात.

सगळ्यात महाग जोडी ‘राइट ऑफ’ आणि ‘वेव्हर’ची. बँकांनी इतक्या कोटींची कर्जं राइट ऑफ केली अशी बातमी आली, की पारावर त्याचा अर्थ ‘माफ केली’ असाच लागतो. राइट ऑफ हा बँकेच्या वहीतला व्यवहार आहे. वसुलीची आशा उरली नाही, की ते कर्ज ताळेबंदातून बाजूला काढतात; कर्जदाराच्या डोक्यावरचं मात्र उतरत नाही. नोटीस येऊ शकते, वसुलीही होऊ शकते. वेव्हर म्हणजे येणंच सोडून देणं. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंत, तर २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंत होती. तिथे बँकेचं येणं सरकारने भरलं. तिसरा शब्द ‘रीस्ट्रक्चर’. नापिकीच्या वर्षी पीककर्जाचे हप्ते पाडून ते पुढे ढकलतात, त्याला आपल्याकडे पुनर्गठन म्हणतात. ‘साहेबांनी कर्ज फिरवून दिलं’ म्हणून खूश झालेल्याने सातबारा काढून पाहावा, बोजा तिथेच असतो.

‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’ ही अशीच फसवी जोडी. बँकेशी तडजोड करून एक लाखाच्या जागी सत्तर हजार भरले, की माणूस सुटलो म्हणतो. सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ लागतं, म्हणजे पूर्ण रक्कम आली नाही. पै न् पै फेडणाऱ्यापुढे ‘क्लोज्ड’ असतं. पुढे ट्रॅक्टरसाठी कर्ज मागायला गेलं, की तो एक शब्द आडवा येतो. ‘ड्यू’ म्हणजे देय आणि ‘ओव्हरड्यू’ म्हणजे थकीत, हा फरकही तितकाच खर्चिक. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, पण ते वेळेत भरणाऱ्यालाच.

‘प्रिन्सिपल’चं काय सांगावं! बँकेत तो मुद्दल, कॉलेजात प्राचार्य, आणि शेवटची दोन अक्षरं बदलली की तत्त्व. देवनागरीत तिघांचा चेहरा एकच. गावच्या विकास सोसायटीच्या कागदावर मुद्दल, व्याज, थकबाकी असं सरळ छापलेलं असतं. तिथे माणूस भांडतो, पण फसत नाही.

मग येते बाटली. २०१७ च्या खरिपात, माणसाच्या उंचीला आलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो जणांना विषबाधा झाली, कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. ते इंग्रजीमुळे घडलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. दमट हवा, औषधांची मिसळ, हातमोजे-मास्कचा अभाव अशी कारणं पुढे आली. पण डब्यावरचं लेबल वाचून पाहिलं, की शब्दांचा सापळाही दिसतो. विष किती जहाल ते दाखवणारे त्रिकोण चार रंगांचे. लाल आणि पिवळ्यावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. रस्त्यावरच्या पाट्या वाचून ‘डेंजर’ हाच सगळ्यात जहाल शब्द वाटतो. इथे तो तिसऱ्या पायरीवर आहे. हिरवा म्हणजे निर्धोक, हाही गैरसमजच, कारण ‘कॉशन’ म्हणजे जपून. खाली ‘अँटिडोट’ असं शीर्षक असतं. उतारा आहे म्हणून वाचणारा निश्चिंत होतो, आणि पुढच्या ओळीत अनेकदा इतकंच असतं की खास उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करा. ‘इन्सेक्टिसाइड’, ‘हर्बिसाइड’, ‘फंगिसाइड’ यांतला ‘साइड’ म्हणजे मारणारं. आधी काय आहे त्यावर कीड मरणार, तण मरणार की बुरशी, ते ठरतं. तणनाशकाचा पंप न धुता कपाशीवर मारला, तर पीकच जळतं. अर्थात, विषाला औषध म्हणण्याची सवय आपल्या मराठीची, तिचं खापर इंग्रजीवर फोडता येत नाही.

इंग्रजी पहिलीपासून शिकवायला महाराष्ट्राने २००० साली सुरुवात केली. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आज घरची कर्जं भरतात. त्यांच्या पाठ्यपुस्तकात पोस्टमन आणि बाग होती. कर्जाच्या मंजुरीपत्राचा नमुना आणि लेबलचा फोटो एखाद्या धड्यात बसला असता.

शाळेवर सगळा भार टाकणंही बरोबर नाही. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार लेबल आणि माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत छापायचं असतं. मराठी असतेही, पण मुंगीच्या अक्षरात. किरकोळ मुदती कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचं केलं आहे. व्याज, शुल्क, हप्ते यांचं हे विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं आहे. ट्रॅक्टरवाल्याने किंवा दुचाकीवाल्याने सही करण्याआधी ते मराठीत मागावं, आणि काउंटरवरून ‘मराठीत नसतं’ असं उत्तर आलं तर तेवढंच लेखी मागावं.